मारवा किती वाजता?

जूनमध्ये कॅनडातल्या कॅल्गरीत मारवा कधी गायचा, हा प्रश्न थट्टेचा वाटेल. पण दर उन्हाळ्यात तो मला पडतोच. मारवा हा दिवस मावळतानाचा राग. मिरजेत त्याची कधी अडचण नव्हती. वर्षभर सूर्य मावळणार तो सहा ते सव्वासातच्या दरम्यान. मग वीस-पंचवीस मिनिटं उजेड रेंगाळणार आणि बघता बघता अंधार. तेवढ्या वेळात कोमल रिषभ मनासारखा लागला तर लागला, नाहीतर उद्या. इथे, 51 अक्षांशावर, 21 जूनला सूर्य बुडतो तो रात्री दहाला पाचेक मिनिटं कमी असताना. पुढे अर्धा-पाऊण तास अंगणात बसून पेपर वाचता येतो, आणि उत्तरेकडचं आभाळ तर रात्रभर पुरतं काळं होतच नाही. एवढा लांबलचक संधिप्रकाश मिळाला तर मारवा गाणाऱ्याने खूश व्हायला हवं ना? पण तसं होत नाही. निघून जाणाऱ्या उजेडाची जी टोचणी त्या रागात आहे, ती इथल्या जूनमध्ये लागतच नाही. उजेड कुठे जातोय? तो इथेच बसलाय.

डिसेंबरात उलटी तऱ्हा. साडेचारला सूर्य गेलेला असतो. ऑफिसातून निघून गाडीच्या काचेवरचा बर्फ खरवडेपर्यंत मारव्याची वेळ टळून गेलेली, यमनाची चालू झालेली, आणि घरी पोचून स्वयंपाक उरकेपर्यंत शास्त्राप्रमाणे बागेश्रीलाच हात घालावा लागणार.

रागांचं वेळापत्रक पंडित भातखंड्यांनी (1860–1936) व्यवस्थित मांडून ठेवलं आहे. ते मुळात वकील. त्यामुळे पोटकलमांसकट मांडलं आहे. दिवसाचे चार प्रहर, रात्रीचे चार. दोन्ही संधिप्रकाशांत कोमल रिषभ आणि शुद्ध गंधाराचे राग. हे राग सकाळचे की संध्याकाळचे, ते ठरवणार मध्यम: शुद्ध असेल तर सहसा सकाळ, तीव्र असेल तर सहसा संध्याकाळ. म्हणून मध्यमाला त्यांनी अध्वदर्शक स्वर म्हटलं, वाट दाखवणारा. हे सगळं मला आप्पांनी, माझ्या वडिलांनी, शाळेच्या वयात शिकवलं. तेव्हा ते पाठांतर होतं. त्याचा खरा उपयोग होणार होता तो इथे आल्यावर, हिशेब करताना.

एकदा सहज हिशेब केलाही. प्रहर जर सूर्योदय-सूर्यास्तावर मोजायचे, तर कॅल्गरीत जूनमध्ये दिवसाचा एक प्रहर चार तासांच्या वर जातो आणि रात्रीचा दोन तासही भरत नाही. म्हणजे सारंग निवांत आळवा, पण दरबारी आणि मालकंस यांनी जरा आवरतं घ्यावं. आप्पांना हे फोनवर सांगितलं, तर ते हसले नाहीत. म्हणाले, "अगं, भातखंडे मुंबईत बसून लिहीत होते. त्यांना काय माहीत तू कुठे जाणारेस!"

परदेशात येऊन गाणं सुटतं, असं लोक म्हणतात. माझं सुटलं नाही. उलट इथे बाकी काही उद्योग नसल्यामुळे रियाज मिरजेपेक्षा जास्त झाला असेल. सुटली ती गाण्याची वेळ. ती हाताला लागत नाही, आणि ती नसली की गाण्यात काहीतरी कमी पडतं, हे मी आता कुणाशी वाद न घालता मान्य करून टाकलं आहे. वेळ पाळण्याला शास्त्रीय आधार नाही, दक्षिणेत कुठे एवढं काटेकोर पाळतात, रेकॉर्ड तर कधीही वाजते, हे सगळे मुद्दे मला माहीत आहेत. मंडळाच्या गणपतीत भर दुपारी शाळेच्या व्यायामशाळेत, बास्केटबॉलच्या जाळीखाली उभी राहून मी यमन गायलेलीही आहे. टाळ्या पडल्या. यमन मात्र आला नव्हता.

आप्पा रेल्वेत गार्ड होते. मिरज जंक्शनवर एकेकाळी तिन्ही रुंदीचे रूळ होते: ब्रॉड, मीटर आणि कुर्डुवाडीकडे जाणारा नॅरो. आप्पांच्या मनात मिरजेच्या मोठेपणाची कारणं दोनच, हे रूळ आणि गाणं. त्यांच्या मते दुसरं पहिल्यामुळेच टिकलं. मुंबईचा गवई हुबळी-धारवाडला जाताना मिरजेला गाडी बदलणार. बदलताना उतरणार, उतरला की मुक्काम पडणार आणि मुक्काम म्हणजे बैठक. या उपपत्तीत अतिशयोक्ती असेल, पण खोटेपणा नाही.

गावाचा इतिहासही त्यांनी मला प्रवासाच्या भाषेतच सांगितला. विष्णु दिगंबर पलुसकर मूळ कुरुंदवाडचे. लहानपणी दारूकामाच्या स्फोटात डोळ्यांना इजा झाली म्हणून उपचारासाठी मिरजेत आले आणि बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे गाणं शिकायला राहिले. पुढे मिरज सोडली, देशभर हिंडले आणि 1901 साली थेट लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं. उलट अब्दुल करीम खाँसाहेब उत्तरेतल्या किरान्याचे. ते बडोद्यामार्गे दक्षिणेत आले आणि मिरजेचे झाले. कर्नाटकी संगीताचा त्यांनी अभ्यास केला, ते स्वर आपल्या गाण्यात घेतले. 1937 साली मद्रासहून पाँडिचेरीला निघाले असताना वाटेत छातीत दुखू लागलं, म्हणून सिंगपेरुमलकोविल नावाच्या लहानशा स्टेशनावर उतरले. फलाटावर पथारी घातली, तंबोरा लावून घेतला, दरबारीत प्रार्थना गायली आणि तिथेच गेले. त्यांना मिरजेला आणून मीरासाहेबांच्या दर्ग्यात दफन केलं. ही गोष्ट सांगताना आप्पा दोन गोष्टींवर भर देत: फलाट, आणि रात्रीची वेळ. "दरबारीचीच वेळ होती," असं म्हणून ते थांबत. गार्डाच्या डोळ्यांनी बघितलं तर खाँसाहेबांचं शेवटचं गाणं वेळेवर झालं होतं.

उरुसात दर्ग्याच्या आवारात खाँसाहेबांच्या स्मरणार्थ संगीतसभा होते. लहानपणी आप्पांच्या मांडीवर झोपून मी तिथे किती गाणं ऐकलं, याला मोजमाप नाही, कारण त्यातलं बरंचसं झोपेतच ऐकलं. बुजुर्ग गवय्यांनी तिथे बिदागी न घेता हजेरी म्हणून गायचं, असा रिवाज. पहाटे तीनला जाग यायची ती तंबोऱ्याने. गाणारा थांबलेला असायचा, तबला ठोकला जात असायचा, तंबोरे मात्र चालूच. तो आवाज ऐकूनच किती रात्र झाली ते कळायचं. रात्र चढेल तशी जवारी, म्हणजे तारांचा घुमारा, खुलते, असं आप्पा म्हणत. खरं तर गर्दी पांगून आवार शांत झालेलं असे, म्हणून तसं वाटत असावं.

माझा तंबोरा मिरजेच्याच सतारमेकर गल्लीतला. मूळची शिकलगार मंडळी, म्हणजे तलवारींना धार लावणारी. संस्थानी काळात हत्यारांचं काम कमी होत गेलं, तसे हे हात वाद्यांकडे वळले. फरीदसाहेबांपासून ही परंपरा सांगतात. तुणीचं लाकूड आणि पंढरपूर-मंगळवेढ्याकडचे मोठे कडू भोपळे. भोपळा मळ्यातच वाद्यासाठी म्हणून वाढवायचा, वाळवायचा, कापायचा आणि मग त्याच्यावर तबली, म्हणजे लाकडी झाकण, बसवायची. 2024 साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा मी इथल्या ऑफिसात पेढे वाटले. एका सहकाऱ्याने विचारलं, हे शॅम्पेनसारखंच का? हो, म्हटलं, अगदी तसंच. फक्त हे उघडून संपत नाही.

माझ्या तंबोऱ्याला इथे आणणं हा एक सोहळा झाला. तारा सैल केल्या, तारा जिच्यावर टेकतात ती घोडी काढून पिशवीत बांधली, आणि फायबरच्या पेटीत जुन्या साड्या कोंबून तो आत बसवला. विमानतळावर कस्टमच्या बाईंनी विचारलं, यात वनस्पतिजन्य काही आहे का? लाकूड आणि भोपळा, असं खरं सांगितलं. 'भोपळा' म्हटल्यावर त्यांचा चेहरा बदलला. पेटी उघडून दाखवली, तर त्या लाखेच्या चकाकीकडे आणि हस्तिदंतासारख्या दिसणाऱ्या प्लास्टिकच्या नक्षीकडे बघत राहिल्या. प्लास्टिक आहे याची खात्री करून घेतली आणि सोडून दिलं.

कॅल्गरीची हवा ही भोपळ्यासाठी बनलेली नाही. गाव समुद्रसपाटीपासून हजार मीटरवर, समुद्र रॉकी पर्वतांच्या पलीकडे. हिवाळ्यात बाहेर उणे पंचवीस आणि घरात भट्टीची गरम हवा, त्यामुळे आतली आर्द्रता पंधरा-वीस टक्क्यांवर येते. ओठ फुटतात, दाराची मूठ धरली की ठिणगी उडते. त्यात शिनुक. पर्वत ओलांडून येणारा हा कोरडा गरम वारा काही तासांत तापमान वीस अंशांनी चढवतो. पश्चिमेला ढगांची कमान दिसली की इथले लोक जाकिटं काढून हिंडू लागतात आणि अर्ध्या गावाचं डोकं दुखू लागतं. पहिल्याच हिवाळ्यात अशाच एका शिनुकच्या रात्री दिवाणखान्यात फटाका फुटल्यासारखा आवाज झाला. भोपळा आणि गळा यांचा सांधा सुटला होता.

इथे माझ्या नवऱ्याचा प्रवेश होतो. तो मूळचा नागपूरचा, आणि गाण्याच्या बाबतीत त्याचे कान निव्वळ चष्मा अडकवायला आहेत. पण 2015 च्या सुमाराला तेलाचे भाव कोसळले आणि अर्ध्या कॅल्गरीबरोबर त्याचीही नोकरी गेली, तेव्हा त्याने गॅरेजमध्ये सुतारकाम सुरू केलं होतं. सुरुवातीला पक्ष्यांची घरटी, मग स्टुलं. नोकरी पुन्हा लागली तरी रंधा सुटला नाही. त्याने सांधा जोडला. मी म्हणत होते मिरजेला नेऊ, त्याने ऐकलं नाही. गरम सरसाचा वास आठवडाभर घरात होता. मग त्याने तंबोऱ्यासाठी काचेच्या दाराचं उभं कपाट बनवलं, आत पाण्याचं भांडं, एक छोटा पंखा आणि आर्द्रता दाखवणारा काटा. तो रोज सकाळी चहाआधी त्या काट्याकडे बघतो. पन्नासच्या खाली गेला की पाणी घालतो. आमच्या घरात माणसांसाठी हवा तीस टक्क्यांची आहे आणि तंबोऱ्यासाठी पन्नासची, यावर पाहुणे हसतात. मला मात्र संसारातल्या अनेक भाषणांपेक्षा ती पाण्याची बाटली जास्त कळते.

थोरलीने शाळेत चेलो घेतला. तिला शिकवणारे बाई-बुवा उत्तम. तिचा कानही चांगला, आजोबांवर गेलेला. एक दिवस ती फोनवरचं सूर मोजायचं ॲप घेऊन तंबोऱ्याजवळ आली आणि म्हणाली, "आई, तुझा हा ग खाली आहे." मी गात नव्हते, फक्त तारा छेडत होते. खर्जाच्या तारेतून जो गंधार आपोआप उमटतो, स्वयंभू गंधार, तो तिने पकडला होता. ॲपचं म्हणणं चूक नव्हतं: पियानोच्या गंधारापेक्षा तो चौदा सेंटनी, म्हणजे अर्ध्या सुराच्या सातव्या हिश्श्याने, उतरलेला असतो. पियानोत सगळे अर्धे सूर सारख्या अंतरावर बसवलेले, तंबोऱ्यात तार कंपनाच्या हिशेबाने बोलणार. मी तिला हे समजावू लागले तर ती म्हणाली, आजोबांना विचारू. आप्पांनी फोनवर प्रश्न ऐकून घेतला आणि विचारलं, "तुला कुठला गोड लागतो?" ती बराच वेळ दोन्ही वाजवत बसली. शेवटी म्हणाली, "एकटीने वाजवताना हा. ऑर्केस्ट्रात तो." आप्पा म्हणाले, "झालं तर मग. तुला दोन्हीकडे राहता येतं." मला त्या क्षणी तिचा थोडा हेवा वाटला.

फोनचं आमचं वेळापत्रक असं आहे. उन्हाळ्यात मिरज आमच्या साडेअकरा तास पुढे. माझे सकाळचे सात वाजलेले असतात तेव्हा तिकडे साडेसहा, दिवेलागण. आई देवापाशी दिवा लावते, आप्पा तंबोरा घेऊन बसतात आणि फोन समोरच्या फडताळात उभा करतात. ते गातात, मी ऑफिसचा डबा भरता भरता ऐकते. माझ्या खिडकीत कोवळं ऊन आणि कानात पूरिया. कोमल रिषभ दोन्हीकडचा, पण माझ्या आभाळाला शुद्ध मध्यम हवा आणि फोनमधून येतो तीव्र. पहिली काही वर्षं ते विचित्र वाटे. मग मी माझं आभाळ बघणं सोडलं. वेळ आप्पांची धरायची, असं ठरवून टाकलं. कॅल्गरीत सकाळी सातला मारवा गाणारी मी बहुधा एकटीच असेन.

हे बरं चाललं होतं तोवर यंत्रांनी त्यात तोंड घातलं. व्हिडिओ कॉलची ॲपं अलीकडे फार शहाणी झाली आहेत. माणसाचं बोलणं ठेवायचं आणि मागचा सततचा आवाज, म्हणजे पंख्याचा, एसीचा, रहदारीचा, पुसून टाकायचा, अशी त्यांची शिकवण. तंबोरा हा त्यांच्या दृष्टीने पंखाच. सतत चालू, न बदलणारा, म्हणून अनावश्यक. आप्पा गायला लागत, पहिले दोन-तीन सेकंद तंबोरा ऐकू येई आणि मग कुणीतरी तो खोलीतून उचलून नेल्यासारखा नाहीसा होई. उरे फक्त आप्पांचा आवाज, ऐंशी ओलांडलेल्या माणसाचा, आधाराशिवाय. त्यातले श्वास, किंचित कंप, वर जाताना कमी पडणारा दम, जे सगळं तंबोरा सांभाळून घेत होता ते उघडं पडलं. मला वाटू लागलं, आप्पा थकले. दादाला फोन करून विचारलं, तर तो म्हणाला, "छे, मस्त गातायत." सेटिंगमध्ये 'ओरिजिनल साउंड' नावाचा पर्याय आहे, हे नंतर थोरलीने शोधून काढलं. ते सुरू केलं आणि तंबोऱ्यासकट आईचा कुकर, कोपऱ्यावरचा भाजीवाला आणि मशिदीतली मगरिबची अजान हे सगळंच परत आलं.

गंमत म्हणजे पाठोपाठ आप्पांच्या कानातल्या यंत्राने तोच गुन्हा केला. ऐकू कमी येऊ लागलं म्हणून दादाने सांगलीहून चांगलं महागाचं यंत्र आणलं. बोलणं स्वच्छ येऊ लागलं, आई सुखावली. पण तंबोरा लावायला बसले की ते वैतागून यंत्र काढून ठेवत. "पंचम हालतोय," म्हणत. खुंटी पिळून पिळून तार तोडली एकदा. पंचम हालत नव्हता. अशी यंत्रं शिट्टी वाजू नये म्हणून एकाच सुरात लांबणारा आवाज दाबायला बघतात, आणि त्या झटापटीत सूर डचमळतो. शिवाय सततचा आवाज गोंगाट समजून हळू करतात. पुढच्या भेटीत मी त्यांना घेऊन गेले. तंत्रज्ञ मुलगा तरुण होता, त्याने संगीतासाठी वेगळा प्रोग्राम असतो असं सांगितलं आणि तो चढवायला लॅपटॉप जोडला. मग म्हणाला, "काका, काहीतरी गाऊन बघा." आप्पांनी त्या वातानुकूलित खोलीत, दुपारी बारा वाजता, षड्ज लावला आणि थांबले. पुढे गाईनात. मुलाला वाटलं अजून बिघाड आहे. आप्पा म्हणाले, "नाही नाही, सूर बरोबर आहे. भीमपलासला अजून वेळ आहे, सारंग आज नको वाटतोय." मुलाने माझ्याकडे पाहिलं. मी खांदे उडवले.

मिरजेला जाणं हे आमच्या सुट्ट्यांवर, आणि सुट्ट्या शाळेवर. त्यामुळे बहुतेक वेळा डिसेंबर. उरूस चांद्र कालगणनेवर चालतो, दर वर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे येतो. मुली लहान होत्या तेव्हा तो भर उन्हाळ्यात असे. सरकत सरकत आता हिवाळ्यात आला आहे. माझी शाळेची सुट्टी त्याला गाठणार की तो मला ओलांडून पुढे जाणार, यावर माझं लक्ष आहे.

मुंबईहून रात्रीची महालक्ष्मी. एसी डब्याचं तिकीट काढलं की आप्पा नाराज, त्यात रुळांचा आवाज येत नाही म्हणून. पहाटे सांगली गेली की मी दाराशी येऊन उभी राहते. दादा स्कूटर घेऊन उगीचच येतो, कारण आमचं सामान रिक्षातसुद्धा मावत नाही. वहिनीने पोह्यांची तयारी करून ठेवलेली असते आणि पहिल्या दिवशी काम करायचं नाही अशी तंबी देते. दुसऱ्या दिवशी ती तंबी आपोआप रद्द होते. तेच बरं. वहिनीनेच आई-आप्पांचं सगळं बघितलंय इतकी वर्षं. मी आले की आप्पांना हुरूप येतो, असं सगळे कौतुकाने म्हणतात. ते वहिनीसमोर कुणी म्हणू नये असं मला वाटतं.

पहिल्या आठवड्यात झोप पूर्ण उलटी. शरीर कॅल्गरीच्या संध्याकाळी असतं आणि घड्याळ मिरजेची पहाट दाखवत असतं. रात्री तीनला टक्क जाग. आप्पा म्हातारपणामुळे जागे, मी विमानामुळे. बाकी घर झोपलेलं. आम्ही मधल्या खोलीचं दार लावून घेतो, ते चहा करतात (तो फार वाईट करतात) आणि तंबोरा काढतात. माझी पट्टी काळी चार, त्यांची काळी एक, म्हणजे माझा षड्ज हा त्यांचा पंचम. त्यामुळे एकच तंबोरा थोड्या खटपटीने दोघांना चालतो. मागे असंच बसलो असताना मी म्हटलं, माझ्या अंगात आत्ता संध्याकाळ आहे, भैरव सुचत नाही. ते म्हणाले, "मग ललित घे. दोन्ही मध्यम शेजारी शेजारी आहेत. तुला हवा तो धर." आणि स्वतः आधी शुद्ध, मग त्याला चिकटून तीव्र, असे दोन्ही लावून दाखवले. ललितमध्ये पंचम नाही. आप्पांच्या पट्टीत तो पंचम म्हणजे माझा षड्ज, त्यामुळे गाताना मी सारखी घसरत होते, आणि त्याची त्यांना मजा वाटत होती. आठवड्याने शरीर सुधारतं, मला रात्रभर झोप लागते आणि ही बैठक बंद पडते. घरचे म्हणतात, बरं झालं, झोप लागायला लागली.

नवरा मिरजेत असताना सतारमेकर गल्लीत जाऊन बसतो. सासुरवाडीत जावयाला एवढं बरं ठिकाण दुसरं नाही. मागच्या खेपेला जवारी काढून घ्यायला घोडी सोबत आणली होती. कारागीर, वय सत्तरीचं, घोडी तंबोऱ्यावर चढवणार, तार छेडणार, कान देणार, उतरवून कानशीने दोन हात मारणार, पुन्हा चढवणार. माझा इंजिनिअर शेजारी मांडी घालून. त्याने विचारलं, किती घासायचं हे कसं ठरतं, काही माप? ते म्हणाले, "माप कसलं वो साहेब. बोलाय लागली की थांबायचं." थोड्या वेळाने यानेच विचारलं, "आता बोलली ना?" म्हाताऱ्याने चमकून बघितलं. खरंच बोलली होती. "तुमाला कळतंय की!" म्हणाले. त्या दिवसापासून हा मला माझा गंधार कुठे चढतो ते सांगू लागला आहे. हे नवं संकट.

राहिला प्रश्न घड्याळाचा. दर नोव्हेंबरात अल्बर्टाची, म्हणजे आमच्या प्रांताची, घड्याळं एक तास मागे जातात आणि मिरज साडेअकराऐवजी साडेबारा तास पुढे होतं. 2021 साली इथे सार्वमत झालं: कायमची उन्हाळी वेळ ठेवायची का? शेतकरी, शाळा, हॉकी, व्यापार, सगळ्या बाजूंनी चर्चा झाली. माझं मत पक्कं होतं, त्याची कारणं मात्र कुठल्याही पत्रकात नव्हती. मी 'हो' म्हणून आले. हरलो, अगदी काठावर. 'नाही' म्हणणारे 50.2 टक्के निघाले.

संध्याकाळी, म्हणजे आप्पांच्या सकाळी, फोनवर निकाल सांगितला. आप्पांनी आकडा दोनदा विचारून घेतला. रेल्वेत असते तर या लोकांची गाडी चुकली असती, असं म्हणाले.

"मग आप्पा, थंडीत तुम्ही साडेसातला बसाल का गायला? म्हणजे मला सातलाच फोन लावता येईल."

"साडेसातला?" ते म्हणाले. "साडेसातला मारवा कोण गातो?"

"मग मला सहाला उठायला लागेल. इथे साडेआठपर्यंत अंधार असतो."

मागून आई, जिला गाण्यातलं काही कळत नाही असं आम्ही सगळे मानतो, म्हणाली, "सहाला उठून कसं भागेल? पावणेसहाला ऊठ. तंबोरा लावायला वेळ लागतो."